डर्बीशायरचा कारभारी

क्रिकेट खेळणाऱ्यांपेक्षा क्रिकेट चालवणाऱ्यांची संख्या आपल्याकडे कायमच जास्त. मैदानावर अकरा माणसं असतात आणि त्यांत एकच कर्णधार असतो. मैदानाबाहेर जिकडे पाहावं तिकडे कर्णधारच, खेळाडू औषधालासुद्धा सापडायचा नाही. दादरला फास्ट लोकलची वाट पाहत उभा असलेला गृहस्थ थर्डमॅन नेमका कुठे असायला हवा होता हे छत्रीच्या टोकानं प्लॅटफॉर्मवर आखून दाखवतो. न्हावी आपली मान वाकवून धरतो आणि विचारतो, "साहेब, दुसऱ्या टोकानं स्पिनर आणायला नको होता का?" वस्तरा मानेवर असताना मतभेद व्यक्त करण्याची आपल्यात परंपरा नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढत येणारा नवऱ्या मुलाचा मामासुद्धा डाव केव्हा घोषित करायला हवा होता ते सांगूनच पुढच्या पानाकडे सरकतो.

ह्या सगळ्या मंडळींना एकदा खरोखरच कर्णधार करून टाकावं आणि मग गंमत पाहावी, असा विचार साहेबाच्या देशात कुणाला तरी सुचला असावा. १९९८ साली एम्पायर इंटरॅक्टिव्ह नावाच्या कंपनीनं 'इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन' हा संगणकावरचा खेळ बाजारात आणला. पुढे त्याचं नाव नुसतंच 'क्रिकेट कॅप्टन' झालं आणि दिनदर्शिकेसारखा तो नवनवा आकडा लावून निघू लागला. माझ्याकडे आहे ती आवृत्ती बरीच जुनी. ती ज्या संगणकावर चालते तो संगणकही जुना, आणि तो चालू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. "कुकर लावलाय, आता तुमचा खोका लावा," असं आमची ही मला रोज संध्याकाळी सांगते. संसाराची वीस वर्षं झाली की दोन यंत्रांची अशी सांगड आपोआप बसते.

ह्या खेळात खेळायचं काहीच नसतं. हे त्याचं पहिलं मोठेपण. इतर व्हिडिओ गेममध्ये बोटं अशी चालवावी लागतात की, पंधरा वर्षांचं पोर जिंकतं आणि चाळिशीच्या माणसाचा अंगठा आखडतो. इथे बोटांना काम नाही. आपण फक्त ठरवायचं. संघ निवडायचा, नाणेफेक जिंकली तर खेळपट्टी आणि हवामानाचा अंदाज वाचून बॅटिंग की फील्डिंग ते सांगायचं. प्रत्येक फलंदाजासमोर आक्रमकपणाची एक पट्टी असते. ती खाली ठेवली की तो चेंडू अडवत बसतो, वर सरकवली की बॅट फिरवायला लागतो. नवा आलेला फलंदाज बिचकत असतो, त्याची पट्टी खाली ठेवायची. त्याचा जम बसला की हळूहळू वर न्यायची. गोलंदाज दमतो, त्याला विश्रांती द्यायची. क्षेत्ररक्षण लावायचं. मोसम संपला की ठरलेल्या रकमेत कुणाशी करार करायचा आणि कुणाला निरोपाचा नारळ द्यायचा ते पाहायचं. थोडक्यात, हे वाणिज्य शाखेच्या माणसाचं क्रिकेट आहे. मी कॉलेजात असताना क्रिकेटच्या संघात माझी निवड फक्त धावफलक लिहिण्यासाठी व्हायची. त्या माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर अठरा काउंट्यांपैकी एका काउंटीचं कर्णधारपद घरबसल्या मिळावं, यापरतं भाग्य ते काय?

मी काउंटी घेतली डर्बीशायर. यॉर्कशायर घेता आलं असतं, सरे घेता आलं असतं. पण बी.कॉम.ला जेमतेम सेकंड क्लास मिळालेल्या माणसाला पहिल्या नंबरच्या मंडळींत चोरट्यासारखं वाटतं. डर्बीशायर आपल्यातलं आहे. त्यांनी काउंटी चँपियनशिप आजवर एकदाच जिंकली, १९३६ साली. त्यानंतर दुसरं महायुद्ध झालं, आपल्याला स्वातंत्र्य मिळालं, माणूस चंद्रावर जाऊन परत आला, पण डर्बीशायर काही पुन्हा पहिलं आलं नाही. आपला वेंकटराघवन तिथे खेळून आला, अझरुद्दीनही खेळून आला, तरी नाहीच. असल्या घराण्याचा कारभार हाती घ्यायला हिंमत लागते. "हे डर्बीशायर नेमकं कोण?" असं आमच्या हिनं पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. मी नकाशा काढून दाखवला. तिनं तो नीट पाहिला आणि म्हणाली, "अहो, एवढ्या लांबच्यांची काळजी करता, तर खालच्या गुप्त्यांच्या नळाची गळतीपण बघा की."

खेळाचा खरा गुण मला दुसऱ्याच मोसमात कळला. शेवटचं षटक, समोरच्यांना हव्यात नऊ धावा, आणि माझ्याकडे एक दमलेला वेगवान गोलंदाज आणि एक ताजातवाना ऑफस्पिनर. समोर डावखुरा फलंदाज. ऑफस्पिनरचा चेंडू त्याच्यापासून बाहेर जाणार. मी ऑफस्पिनर आणला. दहांतल्या आठ वेळा जे बरोबर ठरेल तेच मी केलं, आणि उरलेल्या दोनांपैकी एक वेळ नेमकी त्या दिवशी आली. दोन षटकार, सामना खलास. निर्णय बरोबर, निकाल उलटा. ही गोष्ट आपल्याकडे कुणाला पटवून देता येत नाही. संघ जिंकला की कर्णधार चाणक्य आणि हरला की गाढव, मधे काही नाही. मुलाला नव्वद टक्के मिळाले की आईबापांचे संस्कार आणि साठ मिळाले की शिक्षणपद्धतीचा दोष, हा हिशेब जिथे चालतो तिथे निर्णय आणि निकाल वेगळे काढून कोण पाहणार? हा खेळ ते पाहायला लावतो. चार-पाचशे सामने झाले की माणूस लोकलमधल्या छत्रीवाल्याशी वाद घालायचं सोडून देतो.

दोष आहेत. किरकोळ दोष तर हवे तेवढे. पडद्यावरची माणसं दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांसारखी दिसतात आणि तशीच हलतात, म्हणजे आपण हलवली तर. इंग्रजी समालोचकाकडे मोजकीच वाक्यं आहेत. तीच वाक्यं तो डर्बीत म्हणतो, लॉर्ड्सवर म्हणतो, संघ जिंकत असताना म्हणतो आणि बुडत असतानाही म्हणतो. (आमच्या वार्षिक सभेत हेच होतं, पण तिथे शेवटी बटाटेवडा असतो.) समोरचा कर्णधार, म्हणजे यंत्र, कधी कधी असा काही वागतो की, त्याला कुणाच्या तरी चिठ्ठीवर लावला असावा अशी शंका येते. आणि दहा-पंधरा मोसम झाले की ओळखीचे सगळे खेळाडू निवृत्त होतात. मग यंत्रानं स्वतःच पैदा केलेली पोरं संघात येतात. त्यांना नाव आहे, सरासरी आहे, पण गाव नाही, काका नाही, दुखरा गुडघा नाही. सदतीस वर्षांच्या माणसाला मी एका टिचकीसरशी संघातून काढतो, आणि तो केबिनच्या दारात येऊन उभा राहत नाही.

पण मला सांगायचं आहे ते ह्या किरकोळ दोषांबद्दल नाही.

आमचे चिरंजीव बारावीत आहेत. त्यांनाही हा खेळ अधूनमधून लागतो. एकदा त्यांनी डर्बीशायरला एका मोसमात चारही चषक मिळवून दिले. १९३६ नंतर प्रथमच! माझा ऊर भरून आला. मी विचारलं, "अरे, हे जमलं कसं?" तर म्हणतो, "सोपं आहे बाबा. मॅचच्या आधी सेव्ह करायचं. हरलो की लोड करायचं आणि पुन्हा खेळायचं. जिंकेपर्यंत."

मी बँकेत आहे. आमच्याकडे चुकीची नोंद खोडता येत नाही. चुकून एका खात्यात दहा हजार पडले तर ते काढायला दुसरी उलटी नोंद करावी लागते, आणि मग दोन्ही नोंदी जन्मभर शेजारी शेजारी राहतात, सासूसुनेसारख्या. कधीही ऑडिटर यावा आणि विचारावं, हे काय? हरलेला सामना पुसून टाकायचा आणि त्याचा डागसुद्धा राहू द्यायचा नाही, ही कल्पनाच मला घाम आणणारी. तसं मी चिरंजीवांना म्हटलं. तर त्यांनी शांतपणे विचारलं, "पण बाबा, नुकसान कुणाचं होतं?"

प्रश्न बिनतोड होता. यॉर्कशायरचं नुकसान? पडद्यावरच्या यॉर्कशायरला आईबाप नाहीत. प्रेक्षकांचं? प्रेक्षक म्हणजे हिरव्या काठाला लावलेले रंगीत ठिपके. मी दोन दिवस विचार केला. नुकसान कुणाचंच होत नाही हे मला कबूल करावं लागलं, आणि तरीही त्या चार चषकांकडे पाहून पेढे वाटावेसे वाटेनात. मात्र ह्या विचारात एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. अख्ख्या खेळात लबाडी करायला हीच एक जागा आहे, आणि तीही सामन्याच्या बाहेर. सामन्याच्या आत लबाडी करताच येत नाही.

खऱ्या क्रिकेटात येते. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल यानं आपल्या धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू हात खाली ठेवून जमिनीवरून घरंगळत टाकायला सांगितला. आळीतली पोरंसुद्धा बारक्या भावंडाला टाकतात तसा. नियमात बसत होतं. सामना जिंकला, आणि पुढची चाळीसहून जास्त वर्षं ते घराणं त्या एका चेंडूचा जाब देत आलं आहे. माझ्या गेममध्ये असा चेंडू टाकायची सोय नाही. यंत्राला नियम पाठ आहेत, आणि नियमाच्या कडेकडेनं चालण्याची जी मानवी कला आहे ती त्याला कुणी शिकवलेली नाही.

नियम पाठ असणं हे कर्णधाराचं काम आहेच म्हणा. आमच्या बँकवाल्यांच्या जातीतला एक मोठा माणूस, अजित वाडेकर, स्टेट बँकेत होता. १९७१ च्या किंग्स्टन कसोटीचा पहिला दिवस पावसानं वाहून गेला. दिलीप सरदेसाईच्या २१२ धावांच्या जोरावर आपल्या ३८७ झाल्या आणि वेस्ट इंडीज २१७ मध्ये संपले. फरक १७० चा. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० चा फरक लागतो, पण सामना चार दिवसांचा झाला की १५० पुरतो. वाडेकरनं सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन फॉलोऑन दिल्याचं सांगितलं. सोबर्ससारख्या सोबर्सला, त्याच्याच अंगणात! सामना अनिर्णित राहिला, पण बँकेचं परिपत्रक तळटिपांसकट वाचणाऱ्या जमातीची मान त्या दिवशी ताठ झाली. गेममध्ये असली बेरीज-वजाबाकी यंत्रच करतं. तेवढं एक सुख आपल्याकडून काढून घेतलं आहे.

आणि दुसरं एक दुःखसुद्धा. त्याच्यासाठी मला बॉब टेलरकडे यावं लागेल. टेलर डर्बीशायरचा यष्टिरक्षक, म्हणजे एका परीनं माझाच माणूस.

फेब्रुवारी १९८०. क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी, वानखेडेवर. सामना सुरू झाला १५ तारखेला आणि १६ ला विश्रांती, कारण त्या दिवशी सूर्यग्रहण. देवाधर्माला आणि क्रिकेटला एकाच वेळी सांभाळणारं असं वेळापत्रक पुन्हा होणे नाही. आमचे वडील पूर्वेकडच्या स्टँडमध्ये होते. त्यांचा डबा, त्यांचं ऊन आणि त्यांचा संताप ह्यांची हकिकत मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की, मी स्वतः तिथे होतो असं वाटतं. आपल्या २४२ झाल्या होत्या आणि इंग्लंडची ५ बाद ५८ अशी अवस्था. बोथम खेळत होता आणि त्याच्या जोडीला टेलर. कपिलदेवचा चेंडू, यष्टीमागे झेल, अपील, आणि पंच हनुमंतरावांचं बोट वर. टेलर घुटमळला. बॅट लागलीच नव्हती असं त्याचं म्हणणं. आपला कर्णधार होता गुंडाप्पा विश्वनाथ. तो पंचांकडे गेला, अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बोथम आणि टेलर यांनी १७१ धावांची भागी केली. बोथमनं शतक ठोकलं, वर सामन्यात तेरा बळी घेतले, आणि आपण दहा गडी राखून, म्हणजे त्यांनी राखून, हरलो. विश्वनाथला कसोटीत दोनदाच कर्णधारपद मिळालं. एक सामना अनिर्णित आणि एक हा.

वडिलांनी हे शेवटपर्यंत माफ केलं नाही. त्यांचा मुद्दा साधा नव्हता, म्हणून सांगतो. "अरे, ती विकेट काय त्याच्या एकट्याची होती? कपिलनं घाम गाळला होता. दहा जण उन्हात उभे होते. आम्ही तिकीट काढलं होतं. कर्णधार म्हणजे मालक नव्हे, विश्वस्त. दुसऱ्याच्या पैशानं दानधर्म करणाऱ्याला काय म्हणतात?" आमचे वडील सहकारी सोसायटीचे वीस वर्षं खजिनदार होते. विश्वस्त ह्या शब्दाशी त्यांचा रोजचा संबंध होता. आणि खरं आहे, स्वतःचं सोडून देणं सोपं. दहा जणांचं सोडून द्यायला अधिकार कुठला?

ह्याच्यावर मी कॅश काउंटरवर बसून पुष्कळ विचार केला आहे. स्लिपवर पन्नास हजार लिहिलेले असतात आणि मोजल्यावर पाचशेची एक नोट जास्त निघते. मी ती परत करतो. आजवर कुणी मला दानशूर म्हटलेलं नाही. गिऱ्हाईक तर नोट घेताना माझ्याकडेच संशयानं पाहतं, आणखी एक निघाली असेल म्हणून. आता समजा, बँकेचा विश्वस्त म्हणून मी ती बँकेच्या पेटीत टाकली. तर ती बँकेची होते का? होत नाही. जादा रोकड म्हणून ती दाखवावी लागते आणि सस्पेन्स खात्यात जाऊन पडते, मालकाची वाट पाहत. टेलरची विकेट ही पाचशेची जादा नोट होती. ती कपिलची नव्हती, दहा जणांची नव्हती, तिकीट काढलेल्या आमच्या वडिलांचीही नव्हती. विश्वनाथनं दान केलं असं म्हणणारे लोक त्याला उगीच कर्णाच्या रांगेत बसवतात. मोजताना एक जास्त निघाली, आणि त्यानं ती परत दिली.

हे मी एकदा वडिलांना ऐकवलं. वडील गप्प झाले. मला वाटलं, जिंकली आपण. मग सुपारी कातरत म्हणाले, "आणि आपल्याविरुद्ध चुकलेले निर्णय? ते कोण आणून देतं परत? तुझ्या बँकेत कमी पडले तर कॅशियरच्या पगारातून कापतात ना?"

ह्याला उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. २०११ साली नॉटिंगहॅमला धोनीनं चहाच्या सुट्टीत अपील मागे घेऊन इयन बेलला परत बोलावलं, १३७ वर धावबाद झालेल्या बेलनं १५९ केल्या आणि आपण ३१९ धावांनी हरलो, तेव्हा वडिलांनी टीव्ही बंद केला आणि नुसतं "आणखी एक" एवढंच म्हणाले. आयसीसीनं पुढे धोनीला दशकातल्या खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. तो ऐकायला वडील नव्हते. असते तर ट्रॉफी कुठल्या खात्यात जमा करणार, असं विचारलं असतं.

तर माझी तक्रार अशी की, माझ्या गेममध्ये हे बटण नाही. आक्रमकपणाला पट्टी आहे, गोलंदाज बदलायला बटण आहे, आउट झालेल्या माणसाला परत बोलवायला नाही. मी चिरंजीवांना म्हटलं, "एवढा मोठा खेळ केला, त्यात एक बटण घालता येऊ नये?"

चिरंजीव हसले. "बाबा, घातलं तरी उपयोग नाही. आउट आहे की नाही ते आकडे आधी ठरवतात. मग त्याला शोभेल असं चित्र दाखवतात. बॅट लागली की नाही हे कुणाला माहीतच नसतं. कारण बॅटच नसते."

मी बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिलो. पोरगं सहज बोलून गेलं, पण विषयाचं मूळ तिथे होतं. वानखेडेवर दोन गोष्टी होत्या. एक पंचांचं बोट, आणि एक खरोखर काय झालं ते. ह्या दोहोंमध्ये फट होती आणि त्या फटीत स्लिपमधला एक बुटका माणूस उभा होता, ज्याला खरं काय ते माहीत होतं. गेममध्ये फटच नाही. निर्णय हेच सत्य. त्यामुळे तिथे ग्रेग चॅपेल जन्माला येत नाही आणि विश्वनाथही येत नाही. सगळे सज्जन, कारण दुसरं काही होण्याची सोय नाही. आमच्या सोसायटीतल्या लिफ्टसारखे.

असली निर्दोष व्यवस्था फक्त गेमपुरती असती तर मी एवढा शाईचा खर्च केला नसता. पण हल्ली ती काउंटरवर येऊन बसली आहे.

नोव्हेंबर महिना हा आमच्याकडे पेन्शनरांचा. हयातीचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी माणूस यायचा, सही करायचा, साहेब त्याच्याकडे बघायचे आणि तो जिवंत ठरायचा. आता यंत्रावर अंगठा लावतात. गेल्या नोव्हेंबरात एक निवृत्त शिक्षक आले. सत्याहत्तर वर्षांचे, स्वच्छ धोतर, खिशाला पेन. उजवा अंगठा लावला. जुळत नाही. डावा लावला. जुळत नाही. मग तर्जनी, मग मधलं, मग रुमालानं पुसून पुन्हा अंगठा. दहाही बोटं झाली. ठसे झिजले होते. "चाळीस वर्षं खडू धरला," ते हसून म्हणाले, पण हसू पुरतं उतरलं नव्हतं. पुढच्या महिन्याची पेन्शन त्या बोटावर होती.

पडद्यावर लाल अक्षरात निकाल लागलेला. मागे सतरा माणसांची रांग. "गुरुजी, मशीन नाही म्हणतंय, उद्या या," एवढं म्हटलं की माझं काम झालं असतं, आणि नियमात चोख बसलं असतं. कुणी मला जाब विचारला नसता. पण गुरुजी समोर उभे होते, आणि ते जिवंत होते. एवढी एक गोष्ट मला माहीत होती, जी मशीनला माहीत नव्हती.

कागदी फॉर्मची सोय अजून आहे. त्यावर अधिकाऱ्याची सही लागते. मी काउंटर बंदची पाटी लावली (रांगेतून जो आवाज उठला तो ऐकून वानखेडेचा पूर्व स्टँड काय असेल ते मला कळलं) आणि गुरुजींना आत घेऊन गेलो.

साहेब म्हणाले, "थम्ब लावला?"

"लावला. दहाही लावले."

"मग सिस्टीम काय म्हणते?"

"सिस्टीम नाही म्हणते."

साहेबांनी चष्मा काढला. गुरुजींकडे पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं. ऑडिटचा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून ढगासारखा सरकत गेलेला मला दिसला. गुरुजी उभेच होते, वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखे. शेवटी साहेब म्हणाले, "बसा ना गुरुजी," आणि पेन शोधायला लागले.

बाहेर आलो तेव्हा पंचवीस मिनिटं गेली होती. रांगेतल्या दुसऱ्या नंबरच्या बाईंना डॉक्टरकडे जायचं होतं, त्या निघून गेल्या होत्या. त्यांची पंचवीस मिनिटं मी कुणाच्या परवानगीनं खर्च केली, असं वडील असते तर त्यांनी नक्की विचारलं असतं. तिसऱ्या नंबरच्या गृहस्थांनी तर विचारलंच, आणि वडिलांपेक्षा पुष्कळ मोठ्या आवाजात.

त्या रात्री कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला डर्बीशायर मैदानात उतरलं. समोर यॉर्कशायर, त्यांची ५ बाद ६१. माझ्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू, यष्टीमागे झेल, पंचांचं मातीचं बोट वर. त्यांचा सातव्या नंबरचा पोरगा, ज्याला गाव नाही आणि काका नाही, बॅट काखेत मारून चालायला लागला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

"बाबा, काय शोधताय?" चिरंजीवांनी पुस्तकातून मान वर करून विचारलं.

"काही नाही रे."

"मग एंटर दाबा. तो थांबलाय तुमच्यासाठी."